विश्लेषण : सूज येते तेव्हा पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीबाहेर कशा पडतात? हा मार्ग अडवणारी औषधे वरदान की जोखीम?

ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही की डॉक्टर ‘सीबीसी’ करायला सांगतात. काही तासांत मोबाइलवर अहवालाची पीडीएफ येते आणि घरातल्यांची नजर आधी ‘डब्ल्यूबीसी काउंट’वर जाते. आकडा वाढलेला असेल तर काळजी, मर्यादेत असेल तर सुटकेचा नि:श्वास. मात्र हा आकडा फक्त रक्तात वाहणाऱ्या पांढऱ्या पेशींचा असतो. जंतूंशी खरी लढाई बहुतेक वेळा रक्तवाहिनीच्या बाहेर, ऊतींमध्ये होते. पेशी तिथे पोहोचल्याच नाहीत तर रक्तातल्या गर्दीचा काही उपयोग नाही. नको तिथे पोहोचल्या तर त्याच पेशी मेंदू, आतडी किंवा सांध्यांचे नुकसान करतात. रक्तवाहिनीची भिंत ओलांडण्याच्या या प्रक्रियेवर गेल्या दोन दशकांत अनेक महागडी औषधे आली, काही गाजली, तर काही मागे घ्यावी लागली. विदर्भात मोठ्या संख्येने आढळणाऱ्या सिकलसेल आजाराशीही तिचा थेट संबंध आहे.

सूज येते म्हणजे नेमके काय होते?

लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नोंदवली. पायात काटा रुतला की काट्याबरोबर जंतू आत शिरतात. त्वचेखाली कायम मुक्कामाला असलेल्या रक्षक पेशी ते ओळखतात आणि हिस्टामिन, टीएनएफ यांसारखी रसायने सोडतात. त्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथे जास्त रक्त येते आणि जागा लाल व गरम होते. भिंतीतून पाणी व प्रथिने झिरपल्याने सूज येते. त्याच वेळी रक्तवाहिनीचे एरवी गुळगुळीत असलेले आतले अस्तर चिकट होते. पांढऱ्या पेशींसाठी ‘इथे उतरा’ अशी ती खूण असते.

प्रौढ माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात साधारण ४ हजार ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. त्यांत निम्म्याहून अधिक ‘न्यूट्रोफिल’ असतात. जंतुसंसर्गात सर्वात आधी धावून जाणाऱ्या या पेशी. अस्थिमज्जा रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. रक्तातले त्यांचे आयुष्य अल्प, साधारण काही तासांचे ते एखाद्या दिवसाचे. जखमेवर दिसणारा पू म्हणजे प्रामुख्याने कामी आलेल्या न्यूट्रोफिलचा ढीग असतो.

पेशी वाहत्या रक्तातून बाहेर कशा पडतात?

अडचण अशी की रक्त वेगाने वाहत असते. त्यात वाहून जाणाऱ्या पेशीला नेमक्या जागी थांबायचे असते. धावत्या लोकलमधून उतरण्यासारखाच हा प्रकार. म्हणून निसर्गाने ही क्रिया टप्प्याटप्प्यांत बसवली आहे. बहुतेक अवयवांत ती केशवाहिन्यांनंतर लागणाऱ्या अतिशय बारीक शिरांमध्ये घडते. तिथे रक्ताचा जोर कमी असतो. फुप्फुस हा याला अपवाद आहे. तिथल्या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की पेशी त्यांतच अडखळतात आणि तिथूनच बाहेर पडतात.

पहिला टप्पा घरंगळण्याचा. धोक्याचा इशारा मिळताच अस्तराच्या पेशी ‘सिलेक्टिन’ नावाची प्रथिने पृष्ठभागावर आणतात. त्यांतले ‘पी-सिलेक्टिन’ पेशीच्या आत पिशव्यांमध्ये भरून तयारच असते, त्यामुळे ते काही मिनिटांत बाहेर येते. ‘ई-सिलेक्टिन’ नव्याने तयार करावे लागते, त्याला काही तास लागतात. पांढऱ्या पेशीवर साखरेच्या रेणूंची विशिष्ट रचना असते. सिलेक्टिन तिला धरते, सोडते, पुन्हा धरते. त्यामुळे पेशीचा वेग एकदम कमी होतो आणि ती भिंतीला लागून चेंडूसारखी घरंगळू लागते. गंमत म्हणजे ही पकड टिकायला रक्ताचा थोडा ओढा लागतो. प्रवाह पूर्ण थांबवला तर घरंगळणाऱ्या पेशी भिंतीपासून सुटतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

दुसरा टप्पा खातरजमेचा. भिंतीवर ‘केमोकाइन’ नावाची संदेशवाहक रसायने चिकटलेली असतात. घरंगळणारी पेशी ती हुंगते. संदेश मिळाला नाही तर ती पुन्हा प्रवाहात निघून जाते. मिळाला तर पेशीच्या पृष्ठभागावरील ‘इंटेग्रिन’ ही प्रथिने क्षणार्धात आकार बदलतात. एरवी घडी घालून मिटलेली ही प्रथिने ताठ उभी राहतात.

तिसरा टप्पा घट्ट चिकटण्याचा. ताठ झालेले इंटेग्रिन अस्तरावरच्या ‘आयकॅम-१’सारख्या प्रथिनांना पकडते. पेशी थांबते, पसरट होते आणि भिंतीवरून सरपटत बाहेर पडण्याची जागा शोधते.

चौथा टप्पा प्रत्यक्ष भिंत ओलांडण्याचा. अस्तराच्या दोन शेजारी पेशींना बांधून ठेवणारे सांधे थोडा वेळ सैल होतात. पांढरी पेशी त्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते आणि फट मिटते. थोड्या पेशी मात्र सांध्यातून न जाता थेट अस्तराच्या पेशीच्या अंगातूनच आरपार जातात. या सगळ्यात अस्तराची भूमिका केवळ वाट देण्यापुरती नसते. आत येणाऱ्या पेशीला ते प्रथिनांचे हात देऊन अक्षरश: पलीकडे काढते. पुढे अस्तराखालचा चिवट पडदा पार करायचा असतो. तो झाला की पेशी रसायनांच्या वासावर जखमेकडे निघते. भिंतीचे अस्तर ओलांडायला काही मिनिटेच लागतात.

एक अट आणखी महत्त्वाची. या टप्प्यांपैकी एकही गाळता येत नाही. सुरक्षेचे तीन-चार कोड एकापाठोपाठ जुळल्याशिवाय दार उघडत नाही. त्यामुळे निरोगी ऊतींमध्ये पेशी उगाच घुसत नाहीत.

हे माहीत कसे झाले?

इंग्लंडमधील ऑगस्टस वॉलर यांनी १८४६ मध्ये पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडताना पाहिल्याचे लिहिले. जर्मनीतील ज्युलियस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये बेडकाच्या पातळ, पारदर्शक ऊती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हीच क्रिया तपशिलाने मांडली आणि पुवातील पेशी रक्तातून येतात हे दाखवले. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. पुढे १९०८ चे नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह विभागून मिळाले. पेशी दिसत होत्या, पण त्यांना थांबवणारे रेणू कोणते, याचे उत्तर मिळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. ते उत्तर काही अंशी आजारी बाळांमुळे मिळाले.

दार उघडलेच नाही तर?

नवजात बाळाची नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत गळून पडते. काही बाळांची ती तीन-चार आठवडे झाले तरी पडत नाही, बेंबीला संसर्ग होतो, पुढे वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात, पण जखमेत पू धरत नाही. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी कमी नाहीत, उलट कित्येक पटींनी वाढलेल्या असतात. हा ‘ल्युकोसाइट अ‍ॅढिजन डेफिशियन्सी’ म्हणजे ‘एलएडी’ हा दुर्मीळ जन्मजात आजार. याच्या पहिल्या प्रकारात इंटेग्रिनचा एक भाग तयार होत नाही. पेशी घरंगळतात, पण चिकटू शकत नाहीत. रक्तात फौज तुडुंब आणि जखमेवर शुकशुकाट, अशी ही स्थिती. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, म्हणून नात्यातल्या विवाहांत त्याची शक्यता वाढते.

तीव्र प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण न झाल्यास बहुतेक मुले लहान वयातच दगावतात. जनुकोपचाराने मात्र आता आशा दाखवली आहे. मुलाच्या स्वत:च्या मूळ पेशींत योग्य जनुक घालून त्या परत देण्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील सर्व ९ मुले जगली आणि त्यांना दात्याच्या अस्थिमज्जेची गरज पडली नाही. भारतात अशा जन्मजात प्रतिकारशक्ती-दोषांच्या निदानात मुंबईतील परळ येथील ‘आयसीएमआर’च्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचे मोठे काम आहे.

‘बॉम्बे ब्लड ग्रुप’चा इथे काय संबंध?

डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत एक वेगळाच रक्तगट शोधला. या व्यक्तींच्या लाल पेशींवर ए आणि बी तर नाहीच, ओ गटात असणारा ‘एच’ घटकही नसतो. हाच बॉम्बे रक्तगट. १९९२ मध्ये इस्रायलमधील डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. त्यांना वारंवार संसर्ग होत होते, वाढ खुंटलेली होती आणि रक्तगट होता बॉम्बे. दोन गोष्टी एकत्र येण्याचे कारण ‘फ्यूकोज’ ही साखर. ‘एच’ घटक बनवायला ती लागते आणि सिलेक्टिन ज्या साखर-रचनेला धरते ती बनवायलाही. या मुलांच्या पेशींत फ्यूकोजची वाहतूकच बिघडलेली होती. त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या पेशी पहिल्या टप्प्यावरच अडत, घरंगळतच नसत. हा ‘एलएडी’चा दुसरा प्रकार.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नेहमीच्या बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींमध्ये दोष वेगळ्या जनुकात असतो. त्यांच्या पांढऱ्या पेशी व्यवस्थित काम करतात. त्यांना रक्त मिळवताना अडचण येते, प्रतिकारशक्तीची नाही.

सीबीसीतील आकडा फसवा असतो का?

फसवा नाही, पण अपुरा असतो. रक्तवाहिन्यांतील न्यूट्रोफिलपैकी मोठा हिस्सा कोणत्याही क्षणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना लागून रेंगाळत असतो. सुईने काढलेल्या रक्तात तो मोजला जात नाही. जोरदार व्यायाम केला, मोठा ताण आला की या पेशी प्रवाहात येतात आणि संसर्ग नसतानाही काउंट वाढतो. स्टेरॉइड घेतल्यावरही तेच होते. स्टेरॉइड अस्तराचा चिकटपणा कमी करतात, पेशींचे बाहेर पडणे घटते आणि रक्तात त्यांची संख्या फुगते. म्हणजे आकडा वाढलेला, पण जखमेपर्यंतची कुमक कमी. म्हणूनच स्टेरॉइड सुरू असल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

स्टेरॉइडची ताकद आणि जोखीम दोन्ही करोनाकाळात दिसल्या. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत जून २०२० मध्ये आढळले, की व्हेंटिलेटरवरील रुग्णांत डेक्सामेथासोनमुळे मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना मात्र फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसने थैमान घातले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची मोठी कारणे होती. या बुरशीला रोखण्याचे काम मुख्यत: न्यूट्रोफिल आणि त्यांच्या साथीदार पेशींचे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली असेल तर या पेशींचे चिकटणे, धावणे आणि जंतू गिळणे तिन्ही मंदावते. मधुमेहींच्या पायाची छोटी जखमही चिघळते त्यामागचे हे एक कारण आहे.

मार्ग अडवणारी औषधे काय करतात?

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराच्याच पांढऱ्या पेशी मेंदूत घुसून चेतातंतूंचे आवरण खरवडतात. या पेशी लिम्फोसाइट प्रकारच्या असतात आणि त्यांचे इंटेग्रिन न्यूट्रोफिलहून वेगळे असते. प्रत्येक अवयवाच्या रक्तवाहिन्यांवर जणू वेगळा पिनकोड असतो आणि इंटेग्रिन तो वाचते. मेंदूकडचा पिनकोड वाचणारे इंटेग्रिन झाकले तर प्राण्यांमधील तशाच आजाराला आळा बसतो, हे १९९२ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दिसले. त्यातून ‘नॅटालिझुमॅब’ तयार झाले. दोन वर्षांच्या मोठ्या चाचणीत रुग्णांना आजाराचे झटके येण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटले. अमेरिकेच्या औषध नियामकाने नोव्हेंबर २००४ मध्ये त्याला मंजुरी दिली.

तीन महिन्यांतच, फेब्रुवारी २००५ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. औषध घेणाऱ्या काही रुग्णांना ‘पीएमएल’ हा मेंदूचा जीवघेणा संसर्ग झाला होता. तो ‘जेसी’ नावाच्या विषाणूमुळे होतो. निम्म्याहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू निपचित पडून असतो. मेंदूत गस्त घालणाऱ्या पेशी त्याला डोके वर काढू देत नाहीत. औषधाने हल्लेखोर पेशींसोबत गस्तीच्या पेशींचीही वाट बंद केली होती.

रुग्णांनीच हे औषध परत मागितले. आजाराने अपंगत्व येण्याची भीती त्यांना औषधाच्या जोखमीहून मोठी वाटत होती. अखेर जून २००६ मध्ये कडक नोंदणी आणि देखरेखीच्या अटींवर ते परत आले. २०१२ पासून ‘जेसी’ विषाणूच्या प्रतिपिंडांची चाचणी करून कोणाला धोका जास्त याचा अंदाज घेतला जातो. सोरायसिसवरील ‘इफालिझुमॅब’ मात्र असे परतले नाही. वेगळे इंटेग्रिन अडवणाऱ्या या औषधावरही पीएमएलचे रुग्ण आढळले आणि २००९ मध्ये ते कायमचे मागे घेण्यात आले. पक्षाघातात आयकॅम-१ अडवण्याच्या ‘एन्लिमोमॅब’ या औषधाच्या चाचणीत तर रुग्णांची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली.

मग सुरक्षित मार्ग कोणता?

या अपयशांतून एक धडा मिळाला. सगळी दारे बंद करण्याऐवजी एकाच अवयवाचे दार बंद करायचे. ‘वेदोलिझुमॅब’ फक्त आतड्याचा पिनकोड वाचणारे इंटेग्रिन झाकते. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या आजारांसाठी अमेरिकेत २०१४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. मंजुरीपूर्वीच्या चाचण्यांत पीएमएलचा एकही रुग्ण आढळला नाही. आतड्यांच्या या आजारांचे रुग्ण भारतातही वाढत असल्याने असे औषध इथेही महत्त्वाचे आहे. अर्थात मेंदूची गस्त सुरू राहिली तरी आतड्यातील संसर्गाकडे लक्ष ठेवावेच लागते.

सिकलसेल रुग्णांसाठी हे महत्त्वाचे का?

सिकलसेलमध्ये लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदनांचे झटके येतात, एवढे सर्वांना माहीत असते. मात्र त्या एकट्या अडकत नाहीत. सततच्या दाहामुळे अस्तरावर पी-सिलेक्टिन आलेले असते. त्याला आधी पांढऱ्या पेशी चिकटतात आणि त्यांना लाल पेशी अडकतात. पांढऱ्या पेशींची संख्या जास्त असलेल्या सिकलसेल रुग्णांत आजार अधिक तीव्र असतो, असे आढळले आहे.

त्यामुळे पी-सिलेक्टिन अडवणाऱ्या ‘क्रिझानलिझुमॅब’कडून मोठ्या अपेक्षा होत्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाला येणारे झटके सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसले. २०१९ मध्ये अमेरिकेने, २०२० मध्ये युरोपने मंजुरी दिली. मात्र पुढच्या मोठ्या चाचणीत हा फायदा दिसला नाही आणि युरोपने २०२३ मध्ये मंजुरी रद्द केली.

त्याच वर्षी १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. तीन वर्षांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांसाठी ती कळीची आहे. तिथल्या रुग्णांचा खरा आधार आजही ‘हायड्रॉक्सियुरिया’ ही जुनी, स्वस्त गोळी आहे. ती गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, हे तिचे मुख्य काम. त्याशिवाय ती पांढऱ्या पेशींची संख्या कमी करते आणि त्यांचे चिकटणेही घटवते. म्हणजे महागड्या इंजेक्शनने जो मार्ग अडवायचा प्रयत्न केला, त्यावर ही गोळी अंशत: आधीच काम करत होती. तपासणीत निदान झालेल्या प्रत्येकाला ती नियमित मिळणे आणि त्यासोबत रक्ततपासण्या होत राहणे, यावर मोहिमेचे यश बरेचसे अवलंबून आहे.

‘इम्युनिटी बूस्टर’चे काय?

करोनानंतर प्रतिकारशक्ती ‘वाढवण्याचा’ दावा करणाऱ्या काढे, गोळ्या आणि पावडरींची बाजारपेठ फोफावली. पांढऱ्या पेशींच्या या प्रवासाकडे पाहिले की ‘वाढवणे’ हा शब्दच चुकीचा ठरतो. एलएडी असलेल्या बाळाच्या रक्तात पेशी भरपूर असतात, तरी ते आजारी असते. सिकलसेलच्या रुग्णाला चिकटणाऱ्या पेशी जास्त असणेच महागात पडते. योग्य पेशी योग्य जागी, योग्य वेळी बाहेर पडणे आणि काम संपल्यावर दार बंद होणे, हे महत्त्वाचे. ते कोणत्याही पावडरीने साधत नाही.

सामान्यांच्या हातात काही साध्या गोष्टी मात्र आहेत. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे आणि मधुमेहींनी पायांची रोज पाहणी करणे. सल्ल्याशिवाय स्टेरॉइड सुरू न करणे आणि दीर्घकाळ घेतलेले असतील तर अचानक बंदही न करणे. तीन आठवडे उलटूनही बाळाची नाळ पडली नसेल, किंवा वारंवार संसर्ग होऊनही जखमेत पू धरत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जाणे. अशा बाळाच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी भरपूर दिसल्या म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे ठरू शकते.